बाईचं उघडं शरीर, तिची संमती आणि आपली नजर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चित्रं काढते आणि आठवड्यातून दोन दिवस शिकवते. प्रदर्शनात न्यूड स्केचेस लावली की लोक आधी चित्राकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग आजूबाजूला कुणी नाही ना हे बघून हळूच एक प्रश्न विचारतात. तेच ते प्रश्न इतक्या वेळा आलेत की उत्तरं एकदाची लिहून काढली. काही प्रश्न पालकांचे आहेत, काही विद्यार्थ्यांचे, आणि दोन-तीन चक्क भांडणातले.

लाइफ क्लासमध्ये नक्की चालतं काय?

जिवंत मॉडेल समोर बसवून चित्रं काढायच्या या वर्गात बाहेरून वाटतं त्यापेक्षा फारच कंटाळवाणं काम चालतं. एक लाकडी चौथरा, त्यावर जुनी चादर, जवळ टेबलफॅन. मॉडेल पडद्यामागून गाऊन घालून येते, चौथऱ्यावर चढते, पोझ घेते आणि मग गाऊन बाजूला ठेवते. सर तिच्या पावलांभोवती आणि टेकलेल्या हाताभोवती खडूने रेघ मारून ठेवतात, कारण वीस-पंचवीस मिनिटांनी ब्रेक झाला की तिला परत नेमकं तिथेच बसायचं असतं. ब्रेकमध्ये आधी गाऊन, मग चहा. हा क्रम कधी चुकत नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ च्या सुमारास असे वर्ग सुरू केले, म्हणजे या प्रकाराला आपल्याकडे शंभरावर वर्षं झाली.

मी शिकत असतानाची एक दुपार सांगते. आमच्या मॉडेलला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. पोझ सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. वर्गात कोळशाची खरखर सोडून दुसरा आवाज नव्हता. अचानक मावशी मान न हलवता बोलल्या, “तो खिडकीपाशी बसलाय ना, तो काढत नाहीये. नुसता बघतोय. त्याला म्हणावं पेन्सिल उचल, नाहीतर बाहेर जा.” मुलगा लालबुंद. कागद खरोखर कोरा होता. सरांनी त्याला बाहेर पाठवलं आणि मावशींनी पोझ मोडलीसुद्धा नाही.

त्या खोलीत वीस जण त्यांच्याकडे टक लावून बघत होते. एकोणीस जणांचं त्यांना चालत होतं, एकाचं नाही. पुढचे बहुतेक प्रश्न वाचताना हा विसावा मुलगा लक्षात असू द्या.

सगळ्यांसमोर बसतेच की, मग एखादा फोटो काढला तर काय बिघडलं?

वर्गात शिरताना मोबाईल दाराशी टोपलीत ठेवावे लागतात, ते यासाठीच. ती चित्रासाठी बसली आहे, फोटोसाठी नाही. चित्रात ती कुणाच्या तरी हाताखालून जाते, रेषा चुकते, नाक बदलतं, कधी चेहराच नसतो. फोटोत ती जशीच्या तशी बाहेर जाते आणि कुठे जाते ते कुणाच्याच हातात राहत नाही. मावशींच्या चाळीत सगळ्यांना त्या “कॉलेजात साफसफाईचं काम करतात” एवढंच ठाऊक होतं. मॉडेलचं काम करणाऱ्या कितीतरी जणी घरी हेच किंवा असंच काहीतरी सांगतात. त्यांना कामाची शरम वाटत असते असं नाही. शेजारणीला समजावून सांगण्याइतकी ताकद दिवसभराच्या श्रमांनंतर उरत नाही.

एकदा हो म्हटलं म्हणजे हो ना?

नाही. आणि हे मी कायद्याचं पुस्तक वाचून नाही, चूक करून शिकले.

शिक्षण संपल्यावर काही वर्षांनी मी मावशींचं एक जुनं चारकोल स्केच इन्स्टाग्रामवर टाकलं. अगदी प्रेमाने. चेहरा छान साधला होता, त्याचाच अभिमान. त्यांच्या भाच्याने ते पाहिलं. मावशींचा फोन आला. मला वाटलं होतं चिडतील, पण आवाज अगदी थंड होता. “पोरी, मी कागदावर बसले होते. फोनवर नव्हते बसले.” चित्र मी तिथून लगेच काढून टाकलं, पण भाच्याच्या डोळ्यांसमोरून कसं काढणार? तेव्हापासून चेहरा ओळखू येणारं एकही स्केच मी विचारल्याशिवाय भिंतीवरसुद्धा लावत नाही.

मावशी जे एका वाक्यात बोलल्या, ते आपल्या कायद्यात जवळजवळ त्याच अर्थाने लिहिलेलं आहे. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत चोरून बघण्याचं, चोरून चित्रण करण्याचं कलम ३५४-सी आलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे. त्याच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की बाईने चित्रण करायला संमती दिली असेल, पण ते तिसऱ्या माणसाला दाखवायला दिली नसेल, तर ते पसरवणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तर किमान एक आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, पुन्हा केलं तर तीन ते सात. नवऱ्याला पाठवलेला फोटो, बॉयफ्रेंडने काढलेला व्हिडिओ, सगळं यात आलं. “तिनेच पाठवला होता” हे वाक्य लोक बचाव म्हणून फेकतात. खरं तर पुढे ढकलणाऱ्याला ते फारसं उपयोगाचं नसतं.

पण कायद्याने नग्नता अश्लीलच ना?

असा समज आहे खरा, आणि तो पोलीस ठाण्यापासून कस्टम्सपर्यंत सगळीकडे आहे.

१९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसींचं प्रदर्शन लागलं होतं. एका चित्रात पुरुषाचा हात बाईच्या स्तनावर होता. पोलिसांनी चित्र उतरवायला सांगितलं, पदमसींनी नकार दिला, खटला झाला आणि ते सुटले. आता पुढची गंमत ऐका. २०२३ मध्ये परदेशातून मुंबईत आलेली सात चित्रं कस्टम्सने अश्लील म्हणून अडवली. त्यांतली काही फ्रान्सिस न्यूटन सूझांची (साळगावचे, म्हणजे आपल्या गोव्याचे) आणि बाकीची पदमसींची! पदमसी २०२० मध्ये गेले, पण चित्रांचा खटला काही संपेना. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि प्रत्येक नग्नचित्र अश्लील ठरत नाही, हे पुन्हा एकदा सांगितलं. सत्तर वर्षांत न्यायालय तेच सांगतंय आणि कारकून तेच विसरतोय.

मोजपट्टी बदलली ती जर्मन टेनिसपटू बोरिस बेकरच्या फोटोने. १९९३ मध्ये कोलकात्याच्या ‘स्पोर्ट्सवर्ल्ड’ नियतकालिकाने एका जर्मन नियतकालिकातून त्याचा आणि त्याच्या होणाऱ्या बायकोचा, बार्बारा फेल्टसचा फोटो छापला. दोघं विवस्त्र, त्याच्या हाताने तिची छाती झाकलेली. तो गोरा, ती सावळी, आणि मुलाखतीचा विषय वर्णद्वेषाचा. एका वकिलाने तक्रार केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचून निकाल लागेपर्यंत २०१४ उजाडलं. तोपर्यंत आपल्याकडे १८६८ सालची एक इंग्रजी कसोटी चालायची: सगळ्यात कच्च्या मनाच्या माणसावर याचा काय परिणाम होईल? न्यायालयाने ती सोडून दिली. आजच्या समाजाची मोजपट्टी लावा, आणि चित्र एकटं कापून बघू नका, ते कशासोबत, काय सांगायला आलंय ते बघा, असं सांगितलं. या खटल्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र कुणीच सांगत नाही. तो फोटो बार्बाराच्या वडिलांनी काढला होता.

म्हणजे संदर्भ चांगला असला की झालं?

इथे माझं वकिलांशी पटत नाही.

फूलनदेवीवरच्या ‘बँडिट क्वीन’ चित्रपटाचं बघा. गावकऱ्यांसमोर तिला विवस्त्र फिरवतात, त्या दृश्यावर आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं की हे बघून कुणाची वासना चाळवत नाही, बघणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होते. अगदी बरोबर. संदर्भाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी.

पण फूलनदेवी जिवंत होती. तिच्यावरचा बलात्कार पडद्यावर दाखवायला तिची हरकत होती आणि त्यासाठी ती स्वतः दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पुढे तडजोड झाली, हा भाग वेगळा. न्यायालयं, समीक्षक, सेन्सॉर सगळे प्रेक्षकाच्या मनावर काय परिणाम होतो याची चर्चा करत राहिले. जिच्या अंगावरचे कपडे गेले होते, तिला हे परत दाखवायचंय का, हा प्रश्न रांगेत शेवटी उभा होता. अश्लीलतेचा कायदा मुळात बघणाऱ्याच्या बाजूने बनलेला आहे. बघणारा बिघडेल का, एवढंच त्याला विचारता येतं.

वेरूळ-खजुराहो चालतं, मग आम्हालाच का नावं ठेवता?

हा युक्तिवाद दोन्ही बाजू वापरतात आणि दोन्हीकडे तो आळशी आहे. दगडाची संमती लागत नाही. अश्लील साहित्याच्या कलमातसुद्धा प्राचीन वास्तू आणि देवळांतल्या शिल्पांना वेगळी सूट दिलेली आहे, त्यामुळे वेरूळ दाखवून मोबाईलमधला व्हिडिओ सुटत नाही.

मात्र धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेलात तर तिथल्या संग्रहालयात लज्जागौरी जरूर बघा. पाय फाकवून बसलेली, धड उघडं, डोक्याच्या जागी कमळ. लोकांनी हिला संततीसाठी पुजलं. रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. तिच्यासमोर उभं राहिल्यावर हसू येत नाही, लाजही वाटत नाही. नावात मात्र ‘लज्जा’ आहे. का, ते तिथे उभं राहून स्वतःच ठरवा.

नग्न, नागडी, विवस्त्र: फरक काय? सगळं एकच ना?

एकच असतं तर तीन शब्द कशाला लागले असते? लहान पोर नागडं असतं. शिल्प नग्न असतं. बातमीतली बाई विवस्त्र असते, आणि तो शब्द ऐकताच आपल्याला कळतं की कपडे कुणीतरी दुसऱ्याने काढलेत. साधूला दिगंबर म्हणतात, दिशा हेच ज्याचं वस्त्र. केवढा मान आहे त्या शब्दात! मुलाचं नाव म्हणून ठेवतात. बाईसाठी त्या तोडीचा शब्द सापडतो का बघा. अक्कमहादेवीने बाराव्या शतकात कर्नाटकात वस्त्रं टाकली असं परंपरा सांगते, पण चित्रकार तिला सर्रास केसांनी झाकून टाकतात. आपल्याकडे बाईला ‘ओलेती’ असा एक खास शब्द आहे. भिजलेल्या पुरुषाला मात्र नुसतं “पंचा घे रे” म्हणतात.

पण पुरुषांनाही हेच नियम लागतात ना?

कागदावर लागतात. नोव्हेंबर २०२० मध्ये, एकाच आठवड्यात, गोव्यात दोन गुन्हे दाखल झाले. पूनम पांडेवर काणकोणच्या चापोली धरणावर केलेल्या चित्रणाबद्दल, आणि मिलिंद सोमणवर समुद्रकिनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा फोटो टाकल्याबद्दल. तिला अटक होऊन जामीन घ्यावा लागला. त्याच्या फोटोखाली लोकांनी पंचावन्नाव्या वर्षी काय फिटनेस आहे म्हणून कौतुक केलं. धरण ही सरकारी जागा, चित्रणाचा हेतू वेगळा, हे मुद्दे आहेतच, मी ते उडवून लावत नाही. पण शेऱ्यांमधली भाषा शेजारी शेजारी ठेवून वाचली तर जागेचा मुद्दा फार लांबपर्यंत पुरत नाही. योगायोग असा की १९९५ च्या बुटांच्या जाहिरातीत हाच सोमण मधू सप्रेबरोबर होता, अंगावर बूट आणि एक अजगर. तो खटला मुंबईत २००९ पर्यंत चालला. सगळे सुटले.

केरळात २०२० मध्ये रेहाना फातिमाने स्वतःच्या मुलांना आपल्या उघड्या धडावर चित्र रंगवू दिलं आणि व्हिडिओ टाकला. तिच्यावर थेट पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा लागला. जून २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला मुक्त केलं, आणि पुलिकळी या तिथल्या वाघनाचात पुरुषांची उघडी अंगं रंगवतात तेव्हा कुणाला काही वाटत नाही, याकडे बोट दाखवलं. मुलांना कॅमेऱ्यासमोर आणून तो व्हिडिओ लोकांना दाखवावा का, यावर माझं मत तिच्यापेक्षा वेगळं आहे. पण मतभेद असणं वेगळं आणि आईला लैंगिक गुन्हेगार ठरवणं वेगळं.

आणि याच केरळच्या मुलखात, जुन्या त्रावणकोर संस्थानात, नाडार जातीतल्या बायकांना छाती झाकायला बंदी होती. झाकायला! त्यांनी मारहाण सोसली, लढल्या, तेव्हा कुठे १८५९ मध्ये राजाला परवानगीचा हुकूम काढावा लागला. तिथे उघडं अंग हा हुकूम होता आणि कापड हे बंड.

निषेध म्हणून कपडे उतरवणं हा तमाशा नाही का?

१५ जुलै २००४. इंफाळमधला कांगला किल्ला, तेव्हा तिथे आसाम रायफल्सचा तळ होता. चार दिवसांपूर्वी थांगजम मनोरमा या तरुणीला रायफल्सच्या जवानांनी घरातून नेल्यानंतर तिचं प्रेत सापडलं होतं. बारा बायका गेटसमोर आल्या, बहुतेक मध्यमवयीन, मुलंबाळं असलेल्या. त्यांनी अंगावरची वस्त्रं काढली आणि हातात फलक धरला: भारतीय सैन्या, आमच्यावर बलात्कार कर. त्याच वर्षी तो तळ किल्ल्यातून हलला.

त्याच मणिपुरात ४ मे २०२३ रोजी जमावाने दोन बायकांना विवस्त्र करून फिरवलं. व्हिडिओ १९ जुलैला बाहेर आला आणि देश हादरला, म्हणून सगळ्यांनी तो एकमेकांना पाठवला. “बघा काय चाललंय” असं वर लिहून. माझ्या हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा आला, सकाळच्या पाण्याच्या वेळापत्रकाच्या खाली. पाठवणाऱ्या काकांना खरंच संताप आला होता, याबद्दल मला शंका नाही. मी त्यांना फोन करून काढायला सांगितलं तर ते म्हणाले, “अगं, मी तर त्यांच्या बाजूने पाठवलाय.” मी विचारलं, “काका, त्यांनी तुम्हाला सांगितलं का पाठवायला?” व्हिडिओ त्यांनी ग्रुपवरून काढून टाकला, पण दोन दिवस लिफ्टमध्ये बोलले नाहीत.

गरिबीमुळे बसते, तिची कसली आलीय संमती?

प्रश्न खरा आहे आणि मला तो नेहमी छळतो. पैशाची गरज नसती तर मावशी तिथे बसल्या असत्या का? नसत्या, हे त्याच सांगायच्या. पण पैशाची गरज नसती तर लोकांची भांडीसुद्धा त्यांनी घासली नसती, आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या संमतीबद्दल मला आजवर एकाही काकूंनी विचारलेलं नाही. मॉडेलला वेळेवर आणि धड पैसे मिळतात का, ब्रेक मिळतो का, दाराला कडी आहे का, मध्येच नको वाटलं तर उठता येतं का, हे विचारा. “बिच्चारी” म्हणणं फुकटचं असतं.

२०१७ मध्ये अशाच मॉडेलवर बेतलेला ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात निवडला गेला आणि केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने यादीतून काढून टाकला. ज्युरीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. काही आठवड्यांत सेन्सॉरने त्याला एकही कात्री न लावता प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं. जे काम सरकारी कला महाविद्यालयात वेळापत्रक लावून चालतं, त्याची गोष्ट सरकारी महोत्सवात चालली नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलीने हो म्हटलं तर?

तरीही नाही. इथे संमतीची चर्चाच होत नाही. काढायचं नाही, ठेवायचं नाही, पाठवायचं नाही.

फोटो पसरलाच तर काय करायचं?

आधी डिलीट करायला धावू नका. लिंक, तारीख-वेळ, खात्याचं नाव यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग त्या साइटवर तक्रार करा. २०२१ च्या आयटी नियमांनी अशा तक्रारीवर मजकूर हटवायला २४ तासांची कमाल मुदत घातली, आणि त्यात मॉर्फ केलेले फोटोही धरले. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. पोलीस ठाण्यात “आमच्या हद्दीत येत नाही” म्हणाले तरी गुन्हा नोंदवावाच लागतो. खासगी अंगाचं चित्र संमतीविना काढण्या-पसरवण्याविरुद्धचं आयटी कायद्याचं ६६-ई कलम बाई-पुरुष दोघांनाही लागू आहे, हे सांगायला लाजू नका. आणि घरच्यांनो, “पाठवलासच कशाला” हा प्रश्न निदान तक्रार नोंदवून होईपर्यंत गिळा.

असल्या प्रश्नांची उत्तरं जाहीरपणे द्यायची गरजच काय?

हा प्रश्न रघुनाथ धोंडो कर्व्यांनाही विचारला गेला, आणि तोही कोर्टात. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्रं असायची, पण १९३४ चा खटला झाला तो आतल्या मजकुरावर: वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली होती. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. केस हरले, दंड झाला. कर्व्यांनी मासिक काही थांबवलं नाही, १९५३ मध्ये जाईपर्यंत.

मॉडेलला स्वतःचं चित्र बघायला मिळतं का?

मिळायलाच हवं. मावशी वर्ग संपला की साडी नेसून, पिशवी खांद्याला अडकवून, एकेका बोर्डासमोरून फिरायच्या. बहुतेक वेळा काही बोलायच्या नाहीत. एकदा माझ्या कागदासमोर थांबल्या, चौथऱ्यावरच्या खडूच्या रेघेकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “टाच चुकली तुझी. मी त्या पायावर वजन दिलं होतं.”